आधी केवायसी आणि बॅकअपला कुलूप लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर बघतो, तेरा वर्षं झाली. सिक्युरिटीसाठी आमच्यासारख्यांना वर्षाला जेमतेम पैसे मिळतात, आणि मीटिंगमध्ये विषय निघाला की सगळ्यांचा आग्रह ठेवी-कर्जाचा मेन डेटाबेस आधी एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करा, असाच असतो, कारण पैसा तिथे. 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी गेले तेव्हापासून तर जास्तच. पण तो हल्ला एटीएमच्या स्विच सिस्टिमवर, म्हणजे एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेवर होता, डेटाबेस एन्क्रिप्ट असता तरी ते पैसे वाचले नसते. जो लॉगिन करून आत शिरतो त्याला सगळं उघडंच दिसतं, एन्क्रिप्शन कामाला येतं ते डिस्क नाहीतर बॅकअप कोणी उचलून नेला तर.

म्हणून पैसे कमी असतील तर सुरुवात केवायसीपासून, म्हणजे सभासदांच्या ओळखीच्या कागदपत्रांपासून करा असं माझं म्हणणं आहे. एटीएम कार्ड ब्लॉक करून नवं देता येतं, पासवर्ड बदलता येतो, पण जन्मतारीख, अंगठ्याचा ठसा एकदा बाहेर गेला की सभासदाने काय बदलायचं? आधार नंबर वेगळ्या व्हॉल्टमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवा हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयने 2017 लाच सांगितलंय, आणि मी स्वतः आधारची स्कॅन डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये पडलेली बघितलीत.

त्याच्या जोडीला बॅकअप. आमचा एक बॅकअपचा पेन ड्राइव्ह मागे एसटीत राहिला, त्यात सगळ्या सभासदांची नावं, पत्ते, नॉमिनी, आणि साधा पासवर्डसुद्धा नव्हता, तो सापडला नाही आणि सभासदांना कोणी सांगितलंही नाही, मला ते आजही खुपतं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये टेबल एन्क्रिप्ट करायची सोय फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड एडिशनमध्येही 2019 च्या व्हर्जनपासून आहे. पण मायएसक्यूएलचा डम्प, म्हणजे डेटाची एका फाइलमधली प्रत, काढला की तो साध्या अक्षरांत बाहेर येतो, कोणीही नोटपॅडमध्ये वाचावा, तेव्हा ती फाइल वेगळी एन्क्रिप्ट करावीच लागते. एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर नको, आणि तिची एक प्रत लॉकरमध्ये हवीच, नाहीतर हरवली की आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटींपर्यंत दंड आहे. आमच्या ऑडिटला मात्र बॅकअप कुठे असतो आणि रात्री कोणाच्या घरी जातो हे आजवर एकदाही कोणी विचारलेलं नाही. सहकार खात्याने ऑडिटच्या फॉर्ममध्ये एवढा एक प्रश्न तरी घालावा.

एक वाचक, जि. सातारा