टायरिस फ्लेअर आणि तुझा मामा

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय ओंकार,

गणपतीत आलास तेव्हा माझ्या लॅपटॉपवर ‘गोल्डन ॲक्स’ टाकून दिलास आणि निघताना म्हणालास, “तुझ्या त्या गेमचं एवढं ऐकलं होतं, पाऊण तासात संपला की. सगळीकडं तेच. माणसं येतात, मारायची, पुढं सरकायचं.” तुझी बस होती, म्हणून तेव्हा गप्प बसले. फोनवर बोलायला जावं तर तुझं नुसतं “हं, हं” चालतं आणि मागं पोरं हसत असतात. म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, तू तो रिवाइंड करत संपवलास. मी स्वयंपाकघरातून बघत होते. खाली कोसळलास की मागं, हातोडा बसला की मागं. वर प्रत्येक टप्प्यावर सेव्ह. असं केल्यावर पाऊण तास लागला हेच फार.

हा गेम मुळात नाणं टाकायच्या मशीनसाठी बनलेला. सेगा कंपनी, जपान, साल १९८९. करणारा माकोतो उचिदा. त्यानं आदल्या वर्षीच ‘ऑल्टर्ड बीस्ट’ केला होता. त्या वेळी ‘डबल ड्रॅगन’ नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या मारामारीच्या गेमनं दुकानं भरून जायची. सेगालाही तसला काहीतरी हवा होता. उचिदानं शहरातली गल्लीबोळं सोडून तलवारी, राक्षस आणि जादूटोण्याचा मुलूख घेतला. युरिया नावाचं राज्य, तिथला राजा आणि राजकन्या पळवणारा डेथ ॲडर, आणि त्याच्या मागावर निघालेले तिघं. ॲक्स बॅटलरची आई त्यानं मारली, टायरिसचे आईवडील मारले, बुटक्या गिलियसचा जुळा भाऊ मारला. एवढीच गोष्ट. तिला खोली नाही हे तुझं म्हणणं मान्य. पण नाण्यावर चालणाऱ्या मशीनला खोली कुठून असणार? त्याला तुझं नाणं संपवायचं असतं, आणि नाणं संपलं तरी राग न येता तू दुसरं काढावंस एवढीच त्याची कला असते. रिवाइंड आलं की ती सगळी हिशेबाची बाजूच निघून जाते. मग उरतं ते तू म्हणालास तेच.

आता माझं. बार्शीत आमच्या वेळी एसटी स्टँडकडं एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथं ‘मुस्तफा’ चालायचा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते नाव घेताना मी कुणालाही ऐकलं नाही. पिवळ्या टोपीतल्या गड्याच्या नावानंच अख्खा गेम ओळखला जायचा. तुझा मामा तिथं पडीक. मी त्या दाराशी उभी राहिले असते तर रात्रीपर्यंत बातमी आमच्या वाड्यात पोचली असती. पोरींनी तिथं जायचं नाही, हे कुणी सांगायचीही गरज नव्हती.

बारावीनंतरच्या सुट्टीत, १९९८ साली, आजोबांनी मला कॉम्प्युटर क्लासला घातलं. भगवंताच्या देवळापासून जवळच, एका कापडदुकानाच्या माडीवर. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, मशीनवर फुलाफुलांची कापडी झाकणं, एका मशीनवर दोघींनी बसायचं. डॉस, वर्डस्टार, लोटस. संध्याकाळी शेवटच्या बॅचला सर चहाला खाली उतरले की अर्धा तास आपला. कुणीतरी पुण्याहून फ्लॉपीवर गेम आणलेले. डॉसमध्ये डिरेक्टरीत शिरायचं, नाव टाइप करायचं, एंटर. मला न्यायला म्हणून आठवीतला तुझा मामा यायचा आणि शेजारच्या स्टुलावर बसायचा. आजोबांना वाटायचं पोरगा बहिणीची काळजी घेतोय.

मामानं पहिल्या दिवसापासून गिलियस धरला. हिरव्या कपड्यातला, पांढऱ्या दाढीचा, कुऱ्हाडवाला. मामाचं म्हणणं, त्याची कुऱ्हाड लांब पोचते. ते खरंही आहे. मी टायरिस फ्लेअर घेतली. एक सांगते, त्या काळातल्या बहुतेक मारामारीच्या गेमात बाईचं काम एकच, तिला कुणीतरी पळवून न्यायचं. इथंही राजकन्या पळवलेली आहेच, पण तलवार घेऊन निघालेली बाईही आहे, आणि तिन्हींत सगळ्यात मोठी जादू तिचीच. कपड्यांच्या बाबतीत मात्र उचिदानं तिच्यावर अन्याय केलाय. हाडांच्या सापळ्यांशी लढायला बाई तसल्या चिंध्यांत पाठवतात का? सर अचानक वर आले की मी स्क्रीन बंद करायचे त्याचं निम्मं कारण तेच होतं.

एकाच कीबोर्डवर दोघं. अर्धा त्याचा, अर्धा माझा, कोपरावर कोपर. आणि इथं एक गंमत होती, तुला इंजिनिअरिंगला शिकवतील किंवा शिकवली असेल. कीबोर्डच्या पोटात आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी तार जुळते, त्यावरून मशीन ओळखतं कोणतं बटण ते. एकदम तीन-चार बटणं दाबली आणि ती जाळीत चौकोनाचे कोपरे होऊन बसली, की चौथं खरंच दाबलंय का नाही हे त्याला कळेनासं होतं. मग ते सरळ दुर्लक्ष करतं. म्हणजे मी पळत जाऊन लाथ मारतेय आणि त्याच क्षणी मामाचा गिलियस पुतळ्यासारखा उभा. तो ओरडायचा, “ताई, तू मुद्दाम दाबतेस!” मला जाळीबिळी काही माहीत नव्हतं. मी म्हणायचे, “हो.”

त्यात ह्या गेमात आपलाच वार आपल्या माणसाला लागतो. हे तू एकट्यानं खेळलास म्हणून तुला कळलंच नसणार. टायरिसची तलवार समोर शत्रू आहे का गिलियस हे बघत नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही डेथ ॲडरच्या माणसांपेक्षा एकमेकांनाच जास्त पाडलं. मग आपोआप एक रीत बसली. पडद्यावर वरच्या बाजूला मी, खालच्या बाजूला तो, एका रेषेत दोघांनी यायचं नाही. एखाद्याला दोन्हीकडून घेरायचं असलं की एकानं मारून मागं व्हायचं, मग दुसऱ्यानं. खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं, धावत येणारा अंगावर आला की वरखाली सरकायचं, तो आपला आपण खाली जातो. हा शोध मामाचा. सरळ लढून जे सापळे आम्हाला तीनदा संपवायचे, ते ह्या युक्तीनं एका पाठोपाठ एक खाली गेले, आणि मामा स्टुलावरून पडला.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी येणारे हातोडेवाले दोघे भाऊ आठवतात? तू त्यांना बहुतेक दोन मिनिटांत उडवलंस. आम्हाला पंधरा दिवस लागले. दोघे दोन बाजूंनी येतात आणि एकाला मारायला वळलं की दुसऱ्याचा हातोडा पाठीत. शेवटी कोंबडीनं वाचवलं. म्हणजे ते चोचवालं, शेपटीनं फटका मारणारं जनावर. आम्ही त्याला कोंबडीच म्हणायचो. पुढं मला कळलं की तेच जनावर उचिदानं आधी ‘ऑल्टर्ड बीस्ट’मध्ये वापरलं होतं. बाई काटकसरीची असते म्हणतात, पण हा बुवाही काही कमी नव्हता. त्यावरच्या स्वाराला पाडायचं, आपण चढायचं, आणि दोनतीनदा आपल्यालाही कुणी पाडलं की जनावर कंटाळून पळून जातं. निळ्या ड्रॅगनवर तर आमची खरी भांडणं व्हायची, कारण जनावर एक आणि आम्ही दोघं.

पण सगळ्यात मोठं भांडण जादूच्या बाटल्यांचं. निळे ठेंगू चोर बाटल्या घेऊन पळत येतात, हिरवे खाणं. त्यांना लाथ घातली की पडतं. दोन टप्प्यांच्या मध्ये रात्री शेकोटी पेटलेली असते, तिथंही ते येतात. आता हिशेब बघ. गिलियसच्या जादूला तीन पायऱ्या, ॲक्स बॅटलरच्या चार, टायरिसच्या सहा. गिलियस थोडक्यात भरतो, त्यानंतर त्यानं उचललेली बाटली वायाच. टायरिसला मात्र शेवटच्या पायरीपर्यंत जायला बाटल्याच बाटल्या लागतात. आणि जादू वापरली की सगळ्या एकदम जातात, थोडी आज थोडी उद्या असं चालत नाही. (दुसऱ्या भागात, १९९१ साली, त्यांनी ते सुधारलं.) म्हणजे खरं गणित असं की पहिल्या थोड्या मामानं घ्याव्यात, बाकी सगळ्या मला द्याव्यात. मी वहीत मांडून दाखवलं होतं. तो म्हणायचा, “गणित बरोबर आहे,” आणि पुढच्या चोराला लाथ घालून बाटली उचलायचा. भरलेला असतानाही! का, तर त्याच्या पायापाशी पडली म्हणून.

तरी जून संपता संपता आमची ती रीत पण बसली. कासवाच्या पाठीवरचं गाव झालं. ते गाव कासवाच्या पाठीवर आहे हे कळल्यावर मामा दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटला होता. त्यानंतर गरुडाच्या पाठीवरचा टप्पा. तिथं एके दिवशी माझी सहावी पायरी भरली. शेवटची बाटली मामानं सोडली. पडली त्याच्याच पुढ्यात, त्यानं गिलियसला मागं घेतला आणि नुसता म्हणाला, “घे.” समोरून सापळे निघत होते. मी म्हटलं, इथं नको, पुढं कुणीतरी मोठा येईल, तेव्हा. आणि लाईट गेली.

यूपीएस होता, पण सरांच्या मशीनला. अंधारात मामा काहीच बोलला नाही, ते मला जास्त लागलं. दुसऱ्या आठवड्यात सरांना फ्लॉपीचा पत्ता लागला, आम्हाला दोघांनाही चार शब्द ऐकायला मिळाले, गेम उडाला. पुढं माझं कॉलेज, मामाची दहावी. सहाव्या पायरीवर काय होतं ते आम्ही कधी बघितलंच नाही. शेवटही नाही. तू शेवट बघितलास, पण तोही मेगा ड्राइव्हचा, म्हणजे सेगाच्या घरी खेळायच्या मशीनचा, डेथ ब्रिंगर नावाचा शेवटचा शत्रू असलेला. नाण्याच्या मशीनचा शेवट वेगळा आहे. मी परवा यूट्यूबवर बघितला. डेथ ॲडर मरतो आणि एकदम दुकान दिसतं, पोरं हाच गेम खेळतायत. मग गेमातले बदमाश मशीन फोडून बाहेर रस्त्यावर, लोक पळतायत, आणि त्यांच्या मागं ॲक्स, टायरिस आणि गिलियस. हे मला आमच्या वाड्याच्या बोळात घडताना अगदी स्पष्ट दिसलं. कापडदुकानाच्या माडीवरून गिलियस उतरतोय आणि खाली आजोबा विचारतायत, चपला कुठं आहेत.

तर गेल्या आठवड्यात तुझे बाबा झोपल्यावर मी बसले. रिवाइंड नाही, सेव्ह नाही. पतसंस्थेत दिवसभर टॅली बडवून बोटं चालतात अजून, पण पहिले दोन दिवस हातोडेवाल्या भावांनीच घरी पाठवलं. एकटीनं खेळायला एक सोय आहे, बाटल्यांसाठी भांडण नाही. आणि एक गैरसोय, पाठीमागं कुणी नसतं. मी अजूनही वरच्या बाजूलाच उभी राहते, हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. खालची बाजू रिकामी ठेवून.

काल गरुडाच्या पाठीवर पोचले, सहावी भरलेली. समोर सापळे. ह्या वेळी थांबले नाही, बटण दाबलं. अख्ख्या पडद्यावर ड्रॅगनचं डोकं आलं, त्यानं तोंड उघडलं आणि आगीचा लोटच्या लोट. सगळे सापळे आडवे. दोन सेकंदांचा खेळ असेल. मी लगेच दुसऱ्यांदा तिथपर्यंत खेळत गेले, कारण पहिल्यांदा फोन जवळ नव्हता. त्या नादात रात्रीचे अडीच वाजले. व्हिडिओ काढला, हललाय थोडा, आणि मामाला व्हॉट्सॲप केला. खाली काहीच लिहिलं नाही.

दिवाळीला येताना दुसरा कंट्रोलर घेऊन ये, साधा चालेल, मामा भाऊबीजेला येतोय. चकलीची भाजणी दळून ठेवलीय. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून रोज बाहेर खाऊ नकोस.

सकाळी सात वाजता मामाचं उत्तर आलं होतं: “त्यातली एक बाटली माझी होती.”

तुझी
आई