शाळा उघडण्याआधी

अंबरनाथ,
८ जून २०२५

प्रिय नीलू,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलच्या गर्दीत होते. ‘मुख्याध्यापिका झाले’ एवढंच कळलं, पुढचं सगळं गोंगाटात गेलं. मनापासून अभिनंदन! घरी येऊन मेसेज वाचला. ‘बालसुरक्षेची परिपत्रकं हवीत, बदलापूर तुझ्या शेजारी, तुझ्याकडे सगळी असतील.’ आहेत. पाठवतेच. पण त्या फायलीत जे नाही ते फोनवर मला सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

बदलापूर आमच्यापुढचंच स्टेशन. २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर उतरले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या ठप्प. बदलापूरहून येणाऱ्या आमच्या दोघी शिक्षिका त्या दिवशी शाळेत पोचूच शकल्या नाहीत. टीव्हीवर तो जमाव सगळ्यांनी पाहिला. मला मात्र त्याच्या आधीचा आठवडा छळतो. शिशुवर्गातल्या दोन मुली, ऑगस्टच्या सुरुवातीलाच कंत्राटावर लागलेला सफाई कामगार आणि शाळेचं शौचालय. एकीने घरी ‘दुखतंय’ म्हणून सांगितलं, तेव्हा लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. तक्रार द्यायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास बसावं लागलं. मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि कळल्यावरही पोलिसांना न कळवणाऱ्या शाळेवर कारवाई का नाही, असं विचारलं. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, काहींनी पेढे वाटले. मला त्यात शाळेचा प्रश्न सुटलेला काही दिसला नाही.

नंतर सरकारचा जीआर, म्हणजे आदेश, आला. कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती. ही समिती तर २०२२ च्या मार्चपासूनच कागदावर होती. आमच्याकडे पेटी आली आणि कुठे लागली असेल? मुख्याध्यापकांच्या दारासमोर, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली! वर्षभरात तिच्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही खिचडीबद्दल. ज्या पोराला अजून अ-आ-ई लिहिता येत नाही ते पेटीत काय टाकणार? आणि शौचालयाच्या आत तर कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तिथे मावशीच हवी. शिशुवर्गाच्या मुलांना शूला नेणारी बाई कोण, तिची सुट्टी असेल त्या दिवशी कोण, हे तू आधी ठरव. कॅमेऱ्यांची बिलं मग बघ.

आता माझी गोष्ट. तुलाही कधी सांगितली नाही.

२००९ साली माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. एक मुलगा मधल्या सुट्टीत टेबलापाशी घुटमळला. म्हणाला, “बाई, व्हॅनमधले काका मला मांडीवर घेतात.” मी वह्या तपासत होते. “गर्दी असते रे, जागा नसते,” म्हणाले. तो थांबलाच. मग मी विचारलं, “म्हणजे नक्की काय करतात? तुझी खात्री आहे ना?” त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि गेला. पुढच्या आठवड्यापासून तो चालत यायला लागला, तीन किलोमीटर. आणि नीलू, मी वर्गात त्याचं उदाहरण दिलं. ‘बघा, व्यायाम कसा करतो!’ मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगी असती तर मी पेन खाली ठेवलं असतं, हे मला माहीत आहे. मुलग्यांना काय होतंय, असंच आपण धरून चालतो. केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणारी मुलं निम्म्याहून जास्त होती, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच. ती पाहणी मी त्या मुलानंतर कितीतरी वर्षांनी, एका प्रशिक्षणात पाहिली. घरी येऊन जेवले नाही.

तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, नव्हता. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. आता ‘मला वाटलं नाही’ म्हणायची सोय नाही. असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत. संस्थाप्रमुख म्हणजे आता तू, बाई.

खात्री करून घेणं हे आपलं कामच नाही, ते पोलिसांचं. आपण काय करतो? मूल वर्गशिक्षिकेला सांगतं, ती पर्यवेक्षकांकडे नेते, ते तुझ्याकडे, तू संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावतेस. प्रत्येक ठिकाणी पोराला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात, वर कुणीतरी म्हणतं, ‘त्यांनाही बोलावून घ्या, समोरासमोर होऊ दे.’ तिसऱ्यांदा सांगताना एखादा शब्द बदलला की ‘बघा, खोटं बोलतंय.’ म्हणून ज्या बाईंना पहिल्यांदा सांगितलं त्यांनीच ऐकायचं, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसकट लिहून ठेवायचे, आणि फोन करायचा. पोलीस ठाणं किंवा १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी होतो, पोलीस गणवेशात येत नाहीत, आईवडील जवळ बसतात. हे पालकांना सांग, निम्मी भीती तिथेच ओसरते. आणि नाव कुठेही फुटता कामा नये. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तिसरी ब मधली’ एवढंसुद्धा नको. तुमच्या गुहागरसारख्या लहान ठिकाणी तेवढ्यावरून घर ओळखतात.

‘शाळेचं नाव खराब होईल’ हे वाक्य तू ऐकशीलच. बहुतेक चहा पाजून सांगतील.

अजून एक. शिशुवर्गात अंगाची नावं शिकवतो तेव्हा नाक, कान, पोट, गुडघे, आणि मधलं सगळं ‘शेम शेम’. ज्या जागेचं नावच आपण लाज ठेवलं, तिथे दुखलं तर ते पोर कोणत्या तोंडाने सांगेल? आम्ही यंदा नावं शिकवायला घेतली. दोन पालक भांडायला आले. एक आजी मात्र म्हणाली, “आमच्या वेळी कुणी शिकवलं असतं तर.” पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. एवढं तरी आता शिकलेय.

फाईल उद्या कुरिअर करते. पोलीस पडताळणीचे अर्ज वरच लावलेत. व्हॅनवाले आणि कंत्राटी माणसं त्यातून नेहमी सुटतात, त्यांचे आधी भरून घे. सोमवारी १६ तारखेला शाळा उघडेल. त्याआधी एकदा एकटीच जाऊन मुलींच्या आणि मुलांच्या शौचालयांच्या कड्या आतून लागतात का बघ, आणि मला कळव.

आंबे पोचले. दोन डागाळलेले निघाले, बाकी गोड होते. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मंगल