तळमजल्यावरच्या कॅथलॅबला, वरच्या मजल्यावरून

मुंबई

कॅथलॅबमधले डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर, मामा आणि मावशी यांस,

सप्रेम नमस्कार.

यकृताच्या किंवा पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन पार पडलं की पेढे येतात ते थिएटरच्या मजल्यावर. खाली तुमच्याकडे, जिथे एक्स-रे आणि सोनोग्राफीत पाहत सुया आणि नळ्यांनी उपचार होतात, कुणी फिरकत नाही. रुग्णाने तुमचा चेहराही धड पाहिलेला नसतो. तो गुंगीत असतो आणि तुम्ही मास्क आणि शिशाच्या एप्रनआड. डिस्चार्ज कार्डावर तुमच्या वाट्याला एकच ओळ येते, 'पीटीबीडी केले', म्हणजे त्वचेतून यकृतात नळी घालून तुंबलेल्या पित्ताचा निचरा केला. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. ज्या घरात आज अशी फाइल आली आहे, त्यांनाही कळू दे की सुरी लागण्याआधी महिनाभर काय काय जुळून यावं लागतं.

सगळ्यात मोठं देणं आहे ते यकृताच्या दाराशी होणाऱ्या गाठीचं. उजवी आणि डावी पित्तनलिका जिथे एकत्र येतात, तिथला हा कॅन्सर. जेराल्ड क्लॅटस्किन यांनी 1965 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून आपण सगळे त्याला 'क्लॅटस्किन' म्हणतो. गाठ असते बोराएवढी, पण बसते अशा तिठ्यावर की दोन्हीकडचं पित्त तुंबतं. कावीळ होते, पोट दुखत नाही. अंगाला खाज सुटते, लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढुरकी. दुखत नाही म्हणून घरची मंडळी काविळीची माळ आणि उसाचा रस यांवर आठवडे काढतात. मग सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या दिसतात आणि एकदम घाई सुरू होते: आजच्या आज स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी, टाका.

पहिले आभार इथले. अशा घाईच्या चिठ्ठ्या तुम्ही परत पाठवता आणि खाली लिहिता, 'आधी सीटी आणि एमआरसीपी, मग सुई'. एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. नळी एकदा आत गेली की फुगलेल्या नलिका चिमतात, त्यांच्या भिंती सुजतात, आणि कॅन्सर नेमका कुठवर सरकला आहे आणि सूज कुठून सुरू होते हे कुणालाच सांगता येत नाही. ऑपरेशनचा सगळा नकाशा त्या पहिल्या चित्रांवर उभा असतो. नातेवाइकांनो, स्टेंटच्या आधीच्या सीटीची सीडी जपून ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

दुसरा प्रश्न, कोणत्या बाजूचा निचरा? जी बाजू काढायची आहे तिचा नव्हे, जी मागे ठेवायची आहे तिचा. 21 गेजची बारीक सुई सोनोग्राफीखाली बाहेरच्या बाजूच्या छोट्या नलिकेत जाते, कारण दाराजवळ टोचलं तर शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मग बारीक वायर, मग जाड वायर, मग 8 फ्रेंचची नळी. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे नळीची जाडी अडीच मिलिमीटरच्या किंचित वर. आधी थोडं पित्त ओढून घ्यायचं, मगच डाय (एक्स-रेत नलिका दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव), तोही मोजका. फुगलेल्या नलिकेत जोराने डाय ढकलला तर जंतू थेट रक्तात जातात आणि तासाभरात रुग्णाला थंडी भरते. ज्या बाजूला डाय गेला पण नळी बसली नाही, ती बाजू पुढे पिकते. हे पुस्तकात असतं, पण टेबलावर 'आणखी एक चित्र घेऊ या' हा मोह आवरणारे हात वेगळे. ऑपरेशनचा निर्णय व्हायच्या आधी उघड्या जाळीचा मेटल स्टेंट न टाकण्याचा तुमचा हट्टही त्यातलाच. ती जाळी भिंतीत रुतते, निघत नाही आणि नलिका कापायची जागाच खाऊन टाकते.

सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका थोडा का होईना असतोच. म्हणून जिथे एंडोस्कोपीने काम भागेल तिथे तुम्ही आधी तसं विचारता. आपली केस दुसऱ्याकडे जाते याचं वाईट न वाटणारे लोक वैद्यकीत फार नाहीत.

मग येते पिशवी. परळच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कमरेला पिशवी बांधून बसलेले रुग्ण मुंबईकरांनी पाहिले असतील. त्या पिशवीत दिवसाला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त पित्त पडतं आणि त्याबरोबर मीठ आणि पाणीही जातं. ते भरून काढलं नाही तर किडनीवर ताण येतो. तुमच्या सिस्टर प्रत्येक घरच्या माणसाला वही आणायला लावतात: किती मिली, रंग कसा, ताप आहे का. पिशवी कंबरेखाली राहिली पाहिजे, लोकलच्या गर्दीत नळी ओढली जाता कामा नये. नळीत सलाइन सोडताना फक्त ढकलायचं, उलटं ओढायचं नाही, नाहीतर आतड्यातले जंतू वर खेचले जातात. निचरा अचानक थांबला आणि थंडी वाजून ताप आला तर नळी तुंबली किंवा सरकली असं धरायचं आणि रात्र न काढता यायचं. जमेल तिथे तेच पित्त नाकातल्या नळीतून परत आतड्यात देता येतं. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण पित्ताशिवाय चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. के जीवनसत्त्व कमी पडलं की रक्त गोठत नाही, म्हणून त्याचं इंजेक्शन आधीपासून द्यावं लागतं.

बिलीरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, मात्र हट्टी. नळी उत्तम वाहत असली तरी ते आठवडे घेत उतरतं, कारण त्यातला काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसलेला असतो. 'नळी टाकली तरी पिवळेपणा का?' या प्रश्नाला तुमच्याकडच्या मामांनी दिलेलं उत्तर आम्ही उसनं घेतलं आहे: 'हळदीचे हात एका धुण्यात निघतात का?'

आता मोजमाप. अर्धं किंवा त्याहून जास्त यकृत कापायचं तर उरणारा भाग पुरेसा हवा. निरोगी यकृतात एकूण आकारमानाच्या निदान 20 ते 25 टक्के, बरीच केमोथेरपी झालेली असेल तर 30, सिरॉसिस असेल तर 40. हे आकडे डोळ्यांनी कळत नाहीत. तुमचे टेक्निशियन सीटीच्या एकेका कापावर रेघ ओढत बसतात आणि एकूण आकारमानातून गाठीचं आकारमान वजा करतात. वजाबाकी विसरली तर हिशेब चुकतो. उजवा भाग काढायचा असेल आणि उत्तर 18 टक्के आलं तर पोर्टल व्हेनची, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेची, उजवी शाखा बंद करायची. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश या शिरेतून येतं. ते सगळं डावीकडे वळलं की डावा भाग तीन ते सहा आठवड्यांत वाढतो. पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी ही युक्ती जपानच्या मासातोशी माकुची यांनी रुळवली, त्यांचा निबंध 1990 चा. सुई शक्यतो काढायच्या बाजूतूनच घालायची, म्हणजे इजा झाली तर ती फेकायच्या भागाला. शाखा बंद करायच्या ग्लूचा एखादा थेंब डावीकडे निसटला तर जो भाग वाचवायचा तोच धोक्यात. पित्त तुंबलेलं यकृत वाढतही नाही, म्हणून आधी निचरा, मग हे.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सीटी. कधीकधी यकृत वाढतच नाही आणि तुमचा फोन येतो, 'अजून नको'. वरच्या मजल्यावर हा फोन कुणालाच आवडत नाही: थिएटरची तारीख गेलेली, नातेवाईक गावाहून आलेले. पण न वाढणारं यकृत ऑपरेशननंतरही उभं राहत नाही. पाचव्या दिवशी बिलीरुबिन सुमारे 3 च्या वर आणि प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची ताकद) 50 टक्क्यांखाली, हा फ्रेंच सर्जननी 2005 मध्ये मांडलेला इशारा आहे. दोन्ही एकत्र आले तर त्यांच्या रुग्णांत निम्म्याहून जास्त दगावले होते. तुमच्या 'नको'चं मोल त्या आकड्यात आहे.

यकृताच्याच पेशींच्या कॅन्सरबद्दल थोडक्यात. तो बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी. गाठ कापली तरी तेच यकृत मागे राहतं. प्रत्यारोपणात दोन्ही जातात. विन्सेंझो माझाफेरो यांचे 1996 चे मिलान निकष अजून पायाभूत आहेत: एकच गाठ असेल तर 5 सेंमीपर्यंत, जास्तीत जास्त तीन असतील तर प्रत्येकी 3 सेंमीपर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नको, यकृताबाहेर गेलेली नको. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागल्यावर गाठ मात्र थांबत नाही. तिचं पोषण मुख्यतः धमनीतून होतं, म्हणून तुम्ही मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून केसाएवढ्या कॅथेटरने आत जाता, औषध सोडता आणि वाट बंद करता. दोन-चार दिवस ताप आणि दुखणं येतं, घरच्यांनी घाबरू नये. लहान गाठ जाळूनही मारता येते, पण मोठ्या शिरेला लागून असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि कड जिवंत राहते. त्या कडेचा फोटो तुम्ही न विचारता पुन्हा काढता.

घरचा दाता असेल तर पुन्हा तुमचीच फूटपट्टी. मिळणारा तुकडा रुग्णाच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के हवा, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 480 ग्रॅम. सीटीवरचा आकडा तराजूवर बहुधा कमी भरतो, कारण सीटीत रक्ताने भरलेलं यकृत मोजलं जातं. तुम्ही हे आधीच धरून सांगता. दात्याकडे किती उरेल हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहिता आणि रुग्णाला किती मिळेल ते दुसऱ्या. क्रम बरोबर आहे.

क्लॅटस्किनमध्येही, गाठ कापण्याजोगी नसेल तर, निवडक रुग्णांना प्रत्यारोपण करता येतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1993 पासून वापरलेल्या पद्धतीत आधी रेडिएशन आणि केमोथेरपी, मग पोट तपासून पाहणं, मग प्रत्यारोपण. गाठ 3 सेंमीपर्यंतच. आणि त्वचेतून गाठीची बायोप्सी झालेली असेल तर रुग्ण बाद, कारण पेशी पोटात पसरू शकतात. तेव्हा तुम्ही न घातलेल्या सुईचेही आभार. तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

ऑपरेशननंतरचं तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनच्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीच्या, पाण्यातलं बिलीरुबिन रक्ताच्या निदान तिप्पट निघालं की पित्त गळतंय हे ठरतं. पूर्वी त्यासाठी पोट पुन्हा उघडायचे, आता बहुतेकदा तुमची एक पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली नळी, पुरते. ड्रेनमध्ये चमचाभर ताजं लाल रक्त दिसलं आणि थांबलं, तर तो मोठ्या रक्तस्रावाचा निरोप असू शकतो. त्या चमच्यासाठी तुम्ही रात्री दोनला ठाण्याहून, कल्याणहून निघता आणि फुगलेली धमनी कॉइलने बंद करता. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दिवसांतलं रोजचं डॉपलरही, म्हणजे रक्तप्रवाह ऐकणारी सोनोग्राफी, तुमचंच. पित्तनलिका फक्त धमनीवर जगतात, ती गुठळीने बंद पडली तर नवं यकृतही पित्ताने सडतं. आवाज मंदावलाय असं तुम्ही म्हणालात की आम्ही वाद घालत नाही.

पेढ्यांचे दोन डबे मामांकडे दिले आहेत. कृपा करून ते डाय गरम ठेवायच्या पेटीवर ठेवू नका.

आपले,
यकृत आणि पित्तनलिका शस्त्रक्रिया विभागातली मंडळी