दंड भरून विहीर परत येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘इकोसाइड’ला, म्हणजे पर्यावरणाच्या मोठ्या विध्वंसाला, फौजदारी गुन्हा ठरवणे विकसनशील देशाला परवडणार नाही, हा आपला कालचा अग्रलेख दोनदा वाचला. परवडण्याचा हिशेब मांडताना ज्यांच्या शेतातून आणि विहिरीतून आजवर वसुली झाली, त्यांच्यासाठी त्यात एक ओळही नाही. म्हणून लिहितो आहे.

आमची विहीर वडिलांनी खणलेली. वरच्या अंगाला कारखाना आला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी तांबूस झाले. बैल हौदापाशी गेले, पाण्याला तोंड लावले आणि मान फिरवून उभे राहिले. मोटर सुरू केली की पाटात फेस चढायचा. वांग्याची पाने कडेने करपली, वाफ्यांत पांढरा खार फुटला. तक्रार केली. नमुना घ्यायला माणूस आला तो अकरा महिन्यांनी, भर पावसात, विहीर काठोकाठ भरलेली असताना. वरवरचे पाणी कॅनमध्ये भरून तो गेला आणि अहवाल आला, ‘विहित मर्यादेत’. चार वर्षे अर्ज केल्यावर कारखान्याला एकदाचा दंड झाला. त्यांनी तो भरला. काम एक दिवस थांबले नाही. आम्ही आजही टँकरचे पाणी पितो.

लहान उद्योजक तुरुंगात जातील, ही आपली भीती. पण २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेली इकोसाइडची व्याख्या पाहा. पर्यावरणाची गंभीर आणि शिवाय व्यापक किंवा दीर्घकाळ टिकणारी हानी होण्याची दाट शक्यता आहे, हे ठाऊक असूनही केलेले बेकायदा किंवा बेदरकार कृत्य, असे तिचे सार आहे. या व्याख्येत माझी एकटी विहीरसुद्धा बसणार नाही, हे मला कळते. राजस्थानातले बिछडी गाव मात्र बसले असते. एच-ॲसिड या रंगांसाठी लागणाऱ्या रसायनाच्या कारखान्यांनी तिथल्या विहिरीच्या विहिरी नासवल्या. प्रदूषण करणाऱ्यांनी भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. रक्कम ३७ कोटींच्या घरात निघाली. ती भरली गेली नाही, म्हणून २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश काढावा लागला. पंधरा वर्षे! तोवर त्या गावाने काय प्यायचे?

आपला देश तर उलट्या दिशेने निघाला आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. आता तुरुंगाचा प्रश्न येतो तो दंड बुडवला तरच. जुनी शिक्षा क्वचितच होत असे, हे मान्य. पण मग अंमलबजावणी सुधारायची की शिक्षाच काढून टाकायची? मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे खर्चाच्या वहीतली एक नोंद. मालकाला स्वतःला कोठडीत बसावे लागेल, ही धास्ती कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

आणि ही श्रीमंत देशांची चैन आहे, हे तर मुळीच खरे नाही. व्हिएतनामने १९९० मध्येच हा गुन्हा आपल्या दंडसंहितेत घातला. युद्धात फवारलेल्या विषाने त्यांची जंगले गेली होती, त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे इकोसाइडला गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव ठेवणारे देश म्हणजे वानुआतू, फिजी आणि सामोआ, पॅसिफिक महासागरातली छोटी बेटे. यातला श्रीमंत कोणता? शाश्वत विकास म्हणजे पुढच्या पिढीच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे. माझा नातू ती विहीर वापरू शकत नाही, मग आमच्या गावात झाला तो कोणता विकास?

जाता जाता आणखी एक. त्याच कारखान्याच्या विस्ताराच्या जनसुनावणीची नोटीस गेल्या आठवड्यात आपल्याच अंकात तळाच्या कोपऱ्यात आली होती. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशी नोटीस प्रादेशिक भाषेतल्या दैनिकातही द्यावी लागते, ती लोकांनी वाचावी म्हणूनच ना? अक्षर इतके बारीक, की मला ती शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावी लागली. गावात आणखी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. जाहिरातदार जागेचे पैसे मोजतो हे समजते, पण निदान अशी नोटीस तरी वाचता येईल एवढ्या टायपात छापा, ही विनंती.

सुनावणीला मी जाणार आहे. विहिरीचे पाणी बाटलीत भरून ठेवले आहे, या वेळी उन्हाळ्यातले.

आपला,
एक जुना वाचक