पोलादाचा हिशेब

मालवण
मे अखेर

प्रिय बंड्या,

ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममधल्या तुझ्या किल्ल्याचा फोटो बघितला. हेमॅटाइटच्या, म्हणजे लोहखनिजाच्या, धोंड्यांचा डोंगर, आणि स्टीलचे बार (धातूच्या विटा) सहा. तू विचारतोस, आणखी लोखंड खणू काय? नको खणूस. तुझं अडलंय ते कोळशावाचून.

ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये जागा निवडताना तू नेमकी कोकणासारखी निवडलीस. वर सगळा काळा बेसॉल्ट, त्यात हेमॅटाइट. आपल्या रेडीला लोखंड आहे पण कोकणात कोळशाची खाण नाही, तसंच हे. गेममध्ये दगडी कोळसा फक्त गाळाच्या खडकात सापडतो, आणि तो थर तुझ्याकडे नाहीच. तेव्हा आधी हिशेब मांडू.

हेमॅटाइटचा एक धोंडा आणि एक कोळसा दिला की लोखंडाचे चार बार. इथवर स्वस्त. पुढे पिग आयर्न, म्हणजे आपलं बीड. एक बार लोखंड, एक फ्लक्स दगड (धातूतला मळ काढणारा), एक कोळसा मालात आणि एक कोळसा भट्टीला, त्यातून बिडाचा एक बार. मग बिडाचा एक, लोखंडाचा एक, फ्लक्स एक, पुन्हा मालात एक आणि भट्टीला एक कोळसा, की स्टीलचे दोन बार. थोडक्यात, स्टीलच्या एका बारामागे लोखंडाचा एक बार, एक फ्लक्स आणि दोन कोळसे.

एका ड्वार्फचा, म्हणजे किल्ल्यातल्या बुटक्याचा, पूर्ण साज बारा बारांचा: ब्रेस्टप्लेट तीन, साखळीचा अंगरखा दोन, ग्रीव्ह्ज (पायांचं चिलखत) दोन, आणि शिरस्त्राण, हातमोजे, बूट, ढाल, कुऱ्हाड प्रत्येकी एक. दहा जणांच्या तुकडीला 120 बार. त्याला 30 धोंडे हेमॅटाइट, 120 फ्लक्स, आणि कोळसा: वितळवायला 30, स्टीलला 240, लोहारशाळेत आठ वस्तूंप्रमाणे 80. एकूण 350. तुझ्याकडे कोळसा म्हणजे लोणारी कोळसा, एका ओंडक्याचा एक. साडेतीनशे ओंडके जाळायचे, आणि वसंतात एल्फ, म्हणजे गेममधले रानवासी व्यापारी, येऊन झाडांवरून नाक मुरडणार ते वेगळंच.

म्हणून पहिली तुकडी काशाची कर. कॅसिटेराइट (कथलाचं खनिज) आणि तांब्याचं खनिज धोंड्याला धोंडा घालून थेट वितळवलंस की एका कोळशात काशाचे आठ बार. 120 बारांना 15 कोळसे, वर लोहारशाळेचे 80. साडेतीनशेच्या जागी 95! मात्र आधी तांब्याचे आणि कथलाचे वेगळे बार करून मग मिसळत बसू नकोस, त्यात कोळसा सहापट जातो. कासं लोखंडाच्या पंगतीला सहज बसतं, पहिल्या वेढ्याला पुरे. हातोडेवाल्यांना चांदीचे हातोडे दे. चांदी लोखंडापेक्षा जड, ठोसा जबर बसतो. चांदी नसेल तर गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, बघ: धोंड्यामागे शिशाचे चार बार, आणि प्रत्येकाबरोबर चांदीचा एक मिळायची निम्मी शक्यता. शिसं उरलं तर सिंधुदुर्गाच्या पायात ओतलं म्हणतात तसं तूही कुठे ओत, शस्त्राला ते चालत नाही.

स्टीलसाठी मात्र मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, गाठ. मॅग्मा स्मेल्टरला (धातू वितळवायच्या भट्टीला) आणि मॅग्मा लोहारशाळेला जळण लागत नाही. मालातला कोळसा सुटत नाही, पण 350 चे 120 होतात, हे काय थोडं आहे? भट्टी मॅग्मात न वितळणाऱ्या दगडाची हवी, आणि तुझा बेसॉल्ट त्यातच बसतो. ऐरण लोखंडाची चालेल. तीन बाय तीनच्या भट्टीच्या कडेच्या एका चौकोनाखाली भोक पाडायचं आणि खाली मॅग्मा निदान 4/7 हवा, म्हणजे चौकोनाच्या सात पातळ्यांपैकी चार. भोक शक्यतो ज्या चौकोनावरून चालता येत नाही त्याखाली ठेव, नाहीतर मॅग्मातली जनावरं त्यातून वर येतात आणि कारागीर करपतो.

खाली संगमरवर लागलाय म्हणतोस, तो फ्लक्सच. पण थराच्या दगडात चार चौकोन खणले तर एखादा धोंडा पडतो. 120 हवेत तर पाचशेच्या आसपास चौकोन खणावे लागतील, म्हणून कोठारं, निजायच्या खोल्या सगळं त्याच थरात काढ. पाथरवटाला संगमरवर वापरायची मोकळीक देऊ नकोस, तो फ्लक्सची टेबलं करून ठेवतो. धोंडे वाहायला हातगाड्या जोड, पण जितक्या गाड्या तितकेच हमाल एका वेळी निघतात, एकच गाडी जोडलीस तर काम तुंबेल.

कोळशाखेरीज तुझे सहाच बार होण्याचं आणखी एक कारण आहे. बिडाची ऑर्डर तू कायम चालू ठेवलीस, तिनं सगळं लोखंड खाल्लं. स्टीलला बिडाइतकंच साधं लोखंड लागतं, ते उरलंच नाही. बिडाला अट घाल: बीड पाचपेक्षा कमी आणि लोखंड दहापेक्षा जास्त असेल तरच. स्टीलला: लोखंड, बीड, फ्लक्स हाताशी आणि कोळसा वीसच्या वर. लाकूडभट्टीला: कोळसा तीसखाली गेला की पेटव. या ऑर्डरी चालवायला मॅनेजर नेमलायस ना? वस्ती वीसवर गेली की त्याला बसायला ऑफिसही लागतं.

आणखी एक कटकट म्हणजे पेट्या. कोळशाच्या आणि लोखंडाच्या स्टॉकपाईलवर (साठ्याच्या जागेवर) पेट्यांची संख्या शून्य कर. एखादा शहाणा एका बारासाठी अख्खी पेटी उचलून नेतो आणि तो परतेपर्यंत आतला सगळा माल अडकतो. कोळसा दिसतोय आणि काम रद्द होतंय, असं झालं की बहुतेक वेळा हेच कारण.

वेढा घालणाऱ्या गॉब्लिन शत्रूंचं पडलेलं लोखंडी सामान वितळव, पण नगाला एक कोळसा जातो, म्हणून तेही मॅग्मावरच. पूर्ण एक बार न भरणारा अंश त्याच भट्टीत साठतो, ती मोडू नकोस.

इथे आगोटीची लाकडं भरणं चाललंय, तुझ्या ड्वार्फांनाही तेच सांग. शरदात ड्वार्फ व्यापाऱ्यांचा तांडा येईल तेव्हा त्यांच्या दूताकडे बिट्युमिनस कोळशाची मागणी वरच्या क्रमानं नोंदव. एका धोंड्याचे नऊ कोक, म्हणजे भट्टीला चालणारे कोळसे, होतात, मॅग्मावर केलास तर नऊच्या नऊ हातात, साध्या भट्टीवर एक जळणात जातो. तसले चौदा धोंडे मिळाले तरी दहा जणांचं स्टील निघतं.

लाइट जायच्या आत पाठवतो. मॅग्माचं भोक पाडायच्या आधी नकाशा दाखव.

तुझा,
दादू