पगारातून निघालेला राग

दि. ११ सप्टेंबर

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण प्रश्नच तू तसा विचारलास: "तुमचा रोटरी क्लब खरंच कुणाला शिकवतो, की नुसते फोटो काढतो?"

खरं सांगतो, पहिली दोन वर्षं फोटोच काढले. सप्टेंबर उजाडला की आमच्या अंगात वारं शिरायचं. रोटरीने हा महिना पायाभूत शिक्षण आणि साक्षरतेसाठी ठेवलेला, त्यातच ८ तारखेला युनेस्कोचा साक्षरता दिन, तोही १९६७ पासूनचा. मग आमच्यासारख्या लहानशा क्लबाने मागे का राहावं? दप्तरं वाटली, वह्या वाटल्या, बॅनर धरून ओळीत उभे राहिलो. अहवालात आकडा पडला की आम्ही मोकळे. त्या वह्यांत पुढे काय लिहिलं गेलं, हे बघायला मी एकदाही गेलो नाही. तुझ्यापासून काय लपवायचं!

मग प्रौढांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. सात बाया, दोन बाप्ये, आठवड्यातून दोन संध्याकाळी. मी हौसेनं मुलांची अंकलिपी घेऊन गेलो. 'क कमळाचा' म्हटल्यावर एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "सर, कमळ ठाऊक आहे आम्हाला." तो टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात चारच जण आले.

तेव्हा कुठे मी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांच्याविषयी वाचायला घेतलं. १९६३ मध्ये आंगिकोस या गावी त्यांनी सुमारे ४० तासांत ३०० मजुरांना लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला होता. सुरुवात मुळाक्षरांपासून नाही, तर त्या माणसांच्या रोजच्या तोंडातल्या शब्दापासून. शब्द फोडायचा, तुकड्यांची बाराखडी करायची, आणि त्यातून नवे शब्द त्यांनीच जुळवायचे.

मीही विचारलं, कुठला शब्द घेऊ? एकमुखानं उत्तर आलं, 'पगार'. फळ्यावर प, गा, र लिहिलं, खाली प-पा-पि-पी, ग-गा-गि-गी, र-रा-रि-री. 'पार' निघाला, 'गार' निघाला. मग त्याच मावशी उठल्या, शेवटच्या ओळीतल्या 'रा'वर बोट ठेवलं, तिथून वरच्या 'ग'वर नेलं आणि म्हणाल्या, "राग!" सगळा वर्ग हसला. "पगारातून दुसरं काय निघणार?" हेही त्याच म्हणाल्या. अरे, त्या दिवशी घरी येताना मला चालायलाच सुचेना.

तरी गळती थांबेना. एक काका पुस्तक हात लांब करून धरायचे, थोड्या वेळानं मिटून ठेवायचे आणि म्हणायचे, "या वयात डोक्यात शिरत नाही." मीही तेच खरं मानलं. आमच्या क्लबातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई एकदा सहज वर्गात डोकावल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "डोक्याचं काही नाही, यांना जवळचं दिसत नाहीये." चाळिशीचा चष्मा! सगळ्यांचे डोळे तपासले, पाच जणांना चष्मे लागले. काका आता बसच्या पाट्या मोठ्यानं वाचतात. शेजारचे वैतागतात म्हणे.

क्लबाचा उपयोग मला तिथे कळला. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिसने वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एकत्र बसवली आणि रोटरी सुरू झाली. एकटा शिक्षक असतो तर मी त्या काकांना मठ्ठ समजून सोडून दिलं असतं.

वाटप अजून चालतं, बॅनरही आहे. त्यावरून माझी अध्यक्षांशी दर महिन्याला खडाजंगी होते, ते सविस्तर भेटीत सांगेन. सभासद व्हायचं की नाही, हे नंतर ठरव. आधी दोन महिने मंगळवार-शुक्रवार वर्गाला ये. जोडाक्षरं सुरू व्हायची आहेत आणि माझं फळ्यावरचं अक्षर तुला माहीतच आहे. मावशींनी परवा विचारलं, "सर, हा 'त्र' आहे की किडा?"

तुझा,
वसंता