मागीलदारची घाणेरी

ठाणे,
दि. १६ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या महिन्यातच मिळाले होते. उत्तराला उशीर केला, कारण ज्या कामाबद्दल तू विचारले होतेस त्याला आधी हात घालावा आणि मगच लिहावे असे ठरवले होते. परवाच्या शनिवार-रविवारी राजापूरच्या घराचे मागीलदार साफ करायला घेतले. ते पुरे झालेले नाही, तरी ते कसे करायचे असते हे यंदा प्रथमच नीट कळले, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या आठवणीतले मागीलदार म्हणजे विहीर, धुण्याची धोंड, कढीलिंब आणि गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, केळीचा आळा. बाबा गेल्यानंतरच्या चार पावसाळ्यांत त्या दोन गुंठ्यांचा घाणेरीने (लँटानाच्या काटेरी झुडपांनी) असा ताबा घेतला, की विहिरीकडे जाणारी पायवाटसुद्धा दिसेनाशी झाली. यंदा श्रावणात मागच्या पायरीवर फुरसे वेटोळे करून बसलेले आईने पाहिले आणि त्या दिवसापासून तिने मागचे दार उघडणेच सोडले. ती तक्रार करत नाही, हे तुला माहीत आहे. धुणे पुढच्या अंगणात आणि कढीलिंबाची पाने शेजारून मागून आणायची, असे तिने निमूटपणे करून घेतले होते. हे मला दिवाळीत कळले आणि त्यानंतर मला स्वस्थता लाभली नाही.

मी काहीच केले नव्हते असे नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत गडी लावून ग्रासकटरने सगळे जमिनीलगत कापून घेत होतो. दोन दिवस परसू मोकळे दिसायचे, आणि पुढच्या पावसात एका बुंध्याच्या जागी आठ-दहा फोक उभे राहायचे. गेल्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून तणनाशक फवारून घेतले. पाने आठवड्यात करपली, पण जूनमध्ये बुंधे पुन्हा फुटले, आणि वाऱ्याने उडालेल्या फवाऱ्याने आईचा कढीलिंब मात्र एका अंगाने वाळून गेला. ती चूक माझी होती, कारण फवारणी चालू असताना मी तिथे उभासुद्धा नव्हतो.

घाणेरी मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातून ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पिवळी उमललेली फुले पुढे गुलाबी होत जातात, म्हणून ती कोणालाही आवडावी. पण तिच्या पाल्यात विष असल्यामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि काळी फळे खाऊन बुलबुल तिचे बी गावभर नेतात. तिच्यावरचा खरा उपाय मला दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या पद्धतीविषयी वाचताना कळला. कॉर्बेटच्या जंगलात वापरलेल्या या पद्धतीत फांद्या छाटत बसत नाहीत. खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या सांध्याच्या खाली मुख्य मूळ तोडतात आणि झुडूप उपटून मुळे वर करून ठेवतात. नवे फुटवे त्या सांध्यातून येतात, त्यामुळे तो जमिनीत राहिला की कापलेले सारे फुकट जाते, आणि जाळले तरी तो मातीखाली शाबूत राहतो.

डिसेंबरात जांभ्याची माती दगडासारखी होते, म्हणून वाडीतल्या तात्यांना फोन करून शुक्रवारी संध्याकाळी विहिरीचा पंप दोन तास तिकडे सोडायला सांगितले. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन आहे ना, याचीही त्यांच्याकडूनच खात्री करून घेतली. शनिवारी पहाटे पोहोचलो आणि सात वाजता आम्ही दोघे गमबूट घालून कामाला लागलो. हात घालण्यापूर्वी तिथे पडलेला जांभ्याचा प्रत्येक चिरा पहारीने उलथायचा, असा तात्यांचा दंडक होता. दुसऱ्याच चिऱ्याखाली वीतभर फुरसे निघाले. अंगाची वळी एकमेकांवर घासून त्याने काढलेला तो करकर आवाज अजून माझ्या कानात आहे. काठीने दूर सारल्यावर ते आपणहून गडग्याच्या भेगेत गेले, आणि पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

पहिले झुडूप काढायला तब्बल पाऊण तास लागला. आधी कोयतीने फांद्या कमरेइतक्या खाली आणल्या. तिचे खोड चौकोनी आणि मागे वळलेल्या काट्यांचे असल्यामुळे फांदी आपल्याकडे ओढली की काटा अधिकच रुततो. मग कुदळीने भोवतीची माती काढली, तेव्हा सांध्यापाशी लसणीच्या गड्ड्यासारखी फुगलेली गाठ उघडी पडली. इतकी वर्षे कापल्याचे जुने व्रण तिच्यावर एकावर एक होते, आणि प्रत्येक व्रणाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे तांबूस कोंब तयार होऊन बसले होते. ते पाहिल्यावर मी गुडघ्यांवर तसाच थांबलो. ग्रासकटरवर घातलेल्या पैशांतून मी दरवर्षी तेच कोंब वाढवत आलो होतो. गाठीच्या चार बोटे खाली मूळ तोडले आणि पहार लावून दोघांनी रेटले, तसे सगळे झुडूप मातीसकट एका अंगाला कलंडले.

त्यानंतर हात बसला आणि एकेका झुडपाला वीस मिनिटे पुरू लागली. दोन दिवसांत सदतीस गाठी निघाल्या. मोकळी झालेली जागा मोजली तर सवा गुंठाच भरते. आधीची दोन गुंठ्यांची साफसफाई जेमतेम एका सकाळीच उरकत असे, पण मला हा सवा गुंठा त्याहून मोठा वाटतो.

रानमोडी या तिथल्या दुसऱ्या तणाने फारसा त्रास दिला नाही. तिची मुळे वरवर असतात, ओल्या मातीतून ती हाताने येते. मात्र ती आत्ताच फुलावर आहे आणि फेब्रुवारीत तिचे पिसासारखे बी वाऱ्यावर जाईल, म्हणून तिचा एकही फाटा उभा ठेवला नाही. विहिरीच्या काठावरची सर्वांत जुनी घाणेरी मात्र निघाली नाही. तिचे मूळ कठड्याच्या चिऱ्यांखाली शिरले आहे, आणि रेटले असते तर कठडा ढासळला असता. तीन तासांनी ती तशीच सोडावी लागली.

ढीग पेटवून द्यावा असे शेजाऱ्यांचे मत पडले. मी नको म्हटले. आजूबाजूला सुकलेले गवत आहे, पलीकडे कलमे मोहोरावर येत आहेत, आणि एक ठिणगी कुठे जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. सगळ्या गाठी मुळे वर करून गडग्यावर वाळत घातल्या आहेत. त्या मार्चपर्यंत खडखडीत होतील, मग चुलीला येतील.

रविवारी उन्हे उतरल्यावर आईने आतून मागच्या दाराची कडी काढली. लाकूड फुगल्यामुळे दार खांद्याने ढकलावे लागले. ती पायरी उतरून सरळ कढीलिंबापाशी गेली, वाळलेली फांदी मोडून पाहिली आणि म्हणाली, "खालून फुटलाय." रात्रीच्या आमटीत त्याचीच चार पाने होती.

आता खरी चिंता मोकळ्या जमिनीची आहे. मातीत पडलेले बी पावसात उगवणारच. जून ते सप्टेंबर दर महिन्याला जाऊन रोपे बोटभर असतानाच उपटायची, असे मी ठरवले आहे, आणि जागा रिकामी राहू नये म्हणून न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू लावतो आहे. हळदीचे कंद मे महिन्यात घालू. तुमच्याकडच्या बुटक्या केळीचे चार मुंडे मिळाले तर फार बरे होईल. काकूंना विचारून ठेव आणि त्यांना माझा नमस्कार सांग.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी पुन्हा जातो आहे. उरलेला पाऊण गुंठा आणि विहिरीकाठची ती एक, इतके काम आहे. कठड्याचे चिरे आधी उतरवून ठेवायला तिसरा माणूस लागेल, तेव्हा तू येच. तुमच्या घरची लांब पहार आणि चामड्याचे हातमोजे घेऊन ये. गमबूट मी तुझ्या मापाचे घेऊन ठेवतो.

तुझा,
राजापूरकर मित्र